चाकूरच्या रानातली खुंटी आणि एक कोरडा बोअर

खरं तर या मे महिन्यात मी इस्लापूरला असायला हवं होतं. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या गटानं सहस्रकुंड धबधब्याची सहल ठरवली होती. भर उन्हाळ्यात धबधब्यावर खडकांशिवाय काय दिसणार, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून सांगून सांगून थकले, पण गाडी ठरली होती म्हणजे ती निघणारच होती. तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चाकूरजवळच्या आमच्या गावी शेती करतो. विहिरीनं तळ गाठला होता आणि बोअर मारायचा होता.

"शोभे, तुज्या वळखीत मशीननं पानी बगनारं कोनी हाय का?"

"आहे की. माझी विद्यार्थिनीच आहे, प्रज्ञा. भूगर्भशास्त्र शिकलीय. हेच काम करते."

पलीकडे जरा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, "पोरगी व्हय? बरं. आन."

त्या जरा वेळातच मला कळायला हवं होतं. तीस वर्षं वर्गात उभी राहून, कोण कसं गप्प बसलंय त्यावरून गृहपाठ कुणी केला नाही ते ओळखायची मी. सख्ख्या भावाचं गप्प बसणं मात्र ओळखता आलं नाही. सहस्रकुंडची जागा सोडली आणि प्रज्ञाला फोन लावला.

तर असा हा नांदेड, चाकूर, किल्लारी आणि परत चाकूर असा तीन दिवसांचा प्रवास. रस्ते, गाड्या, खाणं सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे आणि लिहून होईपर्यंत चिडलेलीच राहणार आहे.

प्रज्ञा मूळची किल्लारीची. नांदेडला वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकली, पुढे एमएस्सी झाली. तिचं काम असं: जमिनीत चार लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालचा खडक ती किती अडवतो ते मीटरवर बघायचं. सळया लांब लांब नेत हेच पुन्हा पुन्हा करायचं. खाली कोरडा काळा दगड आहे की भेगा पडलेला ओला थर, याचा त्यावरून अंदाज येतो. जिथं आशा असेल तिथं खुंटी ठोकायची. याला आमच्याकडे पॉइंट देणं म्हणतात. हा धंदा तोंडातोंडी चालतो. पॉइंटला पाणी लागलं की चार गावं बोलावतात, फेल गेला की चाळीस गावं नावं ठेवतात, आणि पॉइंट देणारी बाई असेल तर मग विचारूच नका. चाकूर तालुक्यातलं तिचं हे पहिलं काम होतं. आजूबाजूचे तीन शेतकरी दादाच्या बोअरकडे डोळे लावून होते, "इथं लागलं की आमच्याकडं या" म्हणून. म्हणजे इथं लागलं असतं तर तालुक्यात तिचं नाव झालं असतं. आणि फेल गेलं तर काय, सळया गुंडाळून कुठल्यातरी ऑफिसात टायपिंग कर, असं सांगायला तिचे काका-मामा टपलेलेच होते.

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोहा, अहमदपूर करत चाकूरला अडीच-तीन तासांत पोचवते. रस्ता आता चांगला झालाय. सकाळच्या गाडीत डावीकडची खिडकी धरू नका, लोह्यापर्यंत ऊन तोंडावर येतं. बायकांना अर्धं तिकीट आहे. सळयांना आणि मीटरच्या पेटीला मात्र कुणी अर्धं करत नाही.

"काय हाय हे? शिलाई मशीन?" कंडक्टरनं विचारलं.

"पाणी बघायचं मशीन," प्रज्ञा म्हणाली.

"बगतंय कोन?"

"मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. "संगं मानूस कोनी न्हाई का?"

"आम्ही दोघी माणसंच आहोत की!" मी म्हटलं. मागच्या बाकावरच्या बायका फिस्सकन हसल्या. कंडक्टर काही हसला नाही. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. स्टँडबाहेर गरम भजी आणि तळलेली मिरची मिळते, तेवढ्यात दोघींचं पोट भरतं. चाकूरहून गावापर्यंत शेअर रिक्षा आहे, ती भरल्याशिवाय हलत नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. अजून तिथं जायचंय मला.

दुपारी पोचलो. सुमनवहिनींनी भाकरी, बेसन आणि कैरीचं लोणचं वाढलं. जेवून झाल्यावर दादानं शेजारच्या पोरीला चहा आणायला सांगितला. चहा आला. मला स्टीलचा पेला, दादाला स्टीलचा पेला, शेजारून बघायला आलेल्या तिघांना स्टीलचे पेले, आणि प्रज्ञाला कागदी कप. ती आमच्या जातीतली नाही, बौद्ध आहे, आणि हे दादानं तिच्या आडनावावरून आधीच काढून ठेवलं होतं. प्रज्ञानं काही न बोलता कप उचलला. मीही काही न बोलता चहा प्यायले. हे लिहिताना मला माझाच राग येतोय. तिथंच माझा पेला खाली आपटायला हवा होता. मूग गिळून बसले.

चार वाजता ऊन कललं तसं काम सुरू झालं. वहिनी पदर खोचून सळया उचलायला आल्या, मी वायरचं रीळ धरलं. बांधावर ही गर्दी.

"पोरगी मीटर बगती आन् आक्का वायर वडती. काय दिस आले बगा!"

"काका, तुम्ही पण या की, एक सळई धरा," प्रज्ञा म्हणाली. "हातातून करंट काही जात नाही."

काका दोन पावलं मागं सरकले. आम्ही अडीच तास रानात होतो. प्रज्ञा आकडे सांगायची, मी वहीत लिहायचे. शेवटी तिनं एका जागी टाच रोवली. "इथं. वर मुरूम, मग काळा दगड, दीडशे फुटांच्या पुढं ओला थर दिसतोय. दोनशेपर्यंत जा. त्याच्या आधी थांबू नका." खुंटी ठोकली, भोवती चुना टाकला. मग टेप काढून विहिरीच्या कठड्यापासून आणि बांधावरच्या चिंचेपासून खुंटीचं अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि फोटो काढला.

"एवढं कशाला गं?" मी विचारलं.

"खुंट्यांना पाय फुटतात, मॅडम."

ती हसली, मग मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एकदम लोण्यासारखा मऊ. "बोअर मारायची रिगची गाडी परवा येनार हाय. उगं उन्हात बसून काय करून राहिलाव? जा, किल्लारीला पोरीच्या मायला भेटून या. मुक्काम करा. मी बसवून देतो गाडीत." आणि खरंच स्टँडपर्यंत सोडायला आला. मी गहिवरले हो! म्हटलं, वयानं का होईना, माणूस सुधारला.

चाकूर ते लातूर तासाभराचा रस्ता. लातूरला उतरलात तर सकाळी निलंगा राइस खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. हळदीचा पिवळाधमक भात, वर तिखट आमटी, हातगाडीवर उभ्यानं खायचा. तिथून औशामार्गे किल्लारी. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत चौदा बसतात, तेव्हा पहिल्या रांगेचा हट्ट धरा.

किल्लारीत भूकंपानंतर वसवलेल्या भागात गल्ल्या सरळ रेषेत आहेत. प्रज्ञाचं घर तिथंच. तिच्या आई कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. "जय भीम मॅडम, या. उनाचं आलाव." भूकंप झाला तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर जमिनीत खोल भोकं पाडून बघायला शास्त्रज्ञ आले, तेव्हा कौसल्याबाई तिथं मजुरीला होत्या. खालून निघालेल्या दगडाच्या गोल लांब कांड्या पेट्यांत भरून त्या उचलायचं काम होतं.

"रोज पेट्या उचलत व्हते. एक दिस इचारलं, सायेब, ह्ये बगून तुमाला काय कळतंय? तर त्यो मनला, तू पेटी उचल. मनलं बरं. पर मनात धरलं. हिला शाळंत घातली तवा हिला सांगितलं, कांडीत काय असतंय त्ये शिकून ये आन् मला सांग."

"सांगितलं का मग?"

"लई सांगती. आता बास मनावं लागतंय."

त्यांच्या घरी जेवताना मी सगळा वृत्तांत सांगितला, दादा किती प्रेमानं बसवून द्यायला आला तेही सांगितलं. कौसल्याबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

"मंग आता खुंटीपाशी कोन हाय?"

मी प्रज्ञाकडे बघितलं. प्रज्ञानं दादाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मी लावला, तर बंद. संध्याकाळी परत जायला धड गाडी नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो, लातूरला कुठलाही भात न खाता चाकूरची गाडी पकडली.

चाकूरला स्टँडसमोर चहाच्या टपरीवर रिक्षाची वाट बघत थांबलो, तर टपरीवाला म्हणतो, "आक्का, तुमच्या भावाचा बोअर फेल गेला म्हनं काल? साडेतीनशे फूट नुस्ती धूळ उडाली. कोन तर बाईनं पॉइंट दिलता."

'कोन तर बाई' माझ्या शेजारी उभी होती. तिच्या फोनवर तोपर्यंत दोन निरोप आले होते. वाट बघणाऱ्या तिघांपैकी दोघांचे, एकानं तर गावाच्या व्हॉट्सॲप गटावरचा दादाचा निरोपही पुढं पाठवला होता. "मॅडम सध्या नको." "मॅडम पुढच्या वर्षी बगू." तिनं फोन खिशात ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, रिक्षा भरायची वाट नको बघायला. आपण सगळ्या सीटा घेऊ." तिचा आवाज अगदी सपाट होता. मला त्याचीच भीती वाटली.

रानात पोचलो. रिगची गाडी रस्त्याकडेला उभीच होती, पोरं खाली झोपलेली. आणि रानाच्या ईशान्य कोपऱ्यात पांढऱ्या धुळीचा ढीग, मधोमध लोखंडी पाइप, शेजारी प्रज्ञाची खुंटी. खुंटीला हळद-कुंकू, पायथ्याशी फुटलेला नारळ. चुना मात्र जुन्या जागीच होता. घाईत चुना सरकवायचा राहिला होता बिचाऱ्यांचा!

दादा आला तो हात हलवतच. "फेल गेला की गं तुजा पॉइंट."

चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. प्रज्ञानं वही उघडली, टेप काढली. टेपचं टोक धरायला मी पुढं होणार, तेवढ्यात वहिनींनी ते धरलं आणि विहिरीच्या कठड्याला लावलं. मग चिंचेला लावलं. बांधावर पुन्हा गर्दी जमलीच होती. सगळ्यांसमोर मोजलं. बोअर खुंटीच्या मूळ जागेपासून चाळीस फूट लांब.

"काल सकाळी तुमाला गाडीत बसवून आले आन् ह्यांनीच उपटली," वहिनी म्हणाल्या. "रिग कालच यायची ठरली व्हती. नारळवाले बाबा बी बोलावले व्हते."

तर असा प्रकार होता. आमच्याकडे पाणाडी असतात, पाणी सांगणारे. हे बाबा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर चालतात, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. तो उभा राहिला तो नेमका ईशान्येला, शुभ कोपऱ्यात. पूजेच्या वेळी बाईमाणसाची सावली नको म्हणून आम्हाला किल्लारी दाखवली. आणि कसला प्रेमाचा गहिवर घेऊन बसले होते मी!

"अगं मशीननं पानी दावलंच व्हतं की!" दादा म्हणाला. "खुंटी जरा इकडं घेतली तर पानी काय पळून जातंय व्हय? बाबा मनले कोपरा शुभ पायजे. मंग दोन्हीचं बी जमवलं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "दादा, डॉक्टरनं उजव्या दाढेवर खूण करावी आणि तू जाऊन डावी उपटून यावीस, मग म्हणावंस डॉक्टर फेल! आणि बाबांचा नारळ उभा राहिला होता ना? मग गावभर बाबा फेल का नाही झाले?"

"त्यांचं नाव कसं घ्यायचं? देवाचं काम हाय त्ये."

बघा म्हणजे. पाणी लागलं तर देवाचं, नाही लागलं तर पोरीचं.

प्रज्ञा इतका वेळ टेप गुंडाळत होती. मग ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "काका, दुसरा बोअर मारायचा का नाही ते तुम्ही बघा. मला एकच पाहिजे. काल गावाच्या गटावर तुम्ही टाकलंत, की मशीनवाल्या बाईचा पॉइंट फेल. आज त्याच गटावर टाका, की कालची जागा माझी नव्हती. एवढं एकच वाक्य."

दादा रिगकडे बघत म्हणाला, "मारू की दुसरा. तुज्या जागंवरच मारू. पानी लागलं की लोकांस्नी आपोआप कळतंय."

दुसरा बोअर मारायला तयार, आणि एक वाक्य बोलायला तयार नाही! पहिल्या बोअरला रग्गड पैसा गेलेला, तरी आणखी दोनशे फुटांचा खर्च परवडला असता त्याला. बाईसमोर चुकलो म्हणणं तेवढं परवडत नव्हतं. मी त्याच्याशी भांडले. गर्दीसमोर भांडले, हात जोडून भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

रिग पुन्हा उभी राहिली, चुन्याच्या जागेवर. यावेळी प्रज्ञा पाइपाजवळून हलली नाही. शंभर फुटांपर्यंत धूळ. दीडशेपर्यंत धूळ. बांधावर कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. मी वहीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. एकशे साठला चिखल आला. एकशे नव्वदला पाण्याचा असा फवारा उडाला, की रिगवरची पोरं ओरडत बाजूला पळाली. दोन इंची पाणी, म्हणजे आमच्या भागात भरपूर. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. घागरी घेऊन मैलभर त्याच जात होत्या ना चार महिने! प्रज्ञानं आपली बाटली पुढं करून भरून घेतली. गढूळ होतं, तरी तिथंच उभ्यानं प्यायली.

वाटलं, झालं. आता तरी झालं. तेवढ्यात मोटारसायकलवरून नारळवाले बाबा हजर. कुणी कळवलं देव जाणे. "मी काल मनलंच व्हतं, लागलं न्हाई तर चाळीस फूट सरका," म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा! आणि माझ्या दादानं, माझ्या सख्ख्या दादानं, त्यांना टॉवेल-टोपी दिली, गुलाल लावला आणि गटावर फोटो टाकला: 'बाबांच्या कृपेने दोन इंची पाणी.' प्रज्ञाच्या हातात एक ब्लाउज पीस दिला. तो तिनं रिगच्या पायरीवर ठेवला आणि सळया मोजून पिशवीत भरायला लागली.

आणि मग वहिनींनी दादाच्या हातातून फोन घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना त्याच्या हातातून पाण्याचा तांब्याही असा घेताना बघितलेलं नाही. त्यांनी गटावर माइकच्या चिन्हावर बोट दाबून ठेवलं आणि सगळ्यांसमोर अर्धं मिनिट बोलल्या, न अडखळता. पाठवला निरोप. फोन दादाला परत दिला आणि विहिरीकडे घागर आणायला गेल्या. दहा मिनिटांत तो निरोप गटावरून गायब झाला. गट चालवणारा दादाच्या बांधाला बांध लागून असलेलाच एक पुढारी. त्यानं काढून टाकला. बाबांचा फोटो अजून आहे.

संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला आलो. लोह्याला गाडी थांबली. मग मी म्हटलं, "प्रज्ञा, पहिल्या दिवशी तो कागदी कप. मी बघितला होता गं. बोलले नाही." ती म्हणाली, "मला माहिती आहे, मॅडम. तुम्ही बघितलंत ते मी बघितलं होतं."

घरी येऊन पंधरा दिवस झाले. आमचा शिक्षिकांचा गट सहस्रकुंडहून कोरडे खडक बघून परत आला, फोटो छान आहेत. ज्या दोघांनी "सध्या नको" म्हटलं होतं, ते अजून नकोच म्हणतात. तिसऱ्यानं तर नारळवाल्या बाबांना बोलावलं. वहिनींचा परवा फोन आला. दादा त्यांच्याशी बोलत नाही. "घरात शांती हाय वन्सं," म्हणाल्या आणि हसल्या. इकडे नांदेडात मुलींपुढं आदर्श ठेवणारी व्याख्यानं होतात, मीही दिलीत. मुलींनो विज्ञान शिका, पुढं या. येतात हो मुली पुढं. त्यांची खुंटी त्यांच्यामागं कोण उपटतं, ते त्या व्याख्यानात मी कधी बोलले नव्हते.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबरनंतर जा, हवा चांगली असते आणि भात तर बाराही महिने मिळतो. पण मी हे सगळं लिहिलं ते त्यासाठी नाही. सातवी शिकलेल्या माझ्या वहिनी त्या दिवशी जे बोलल्या, ते गटावरून काढून टाकलं. हा ब्लॉग माझा आहे आणि इथून ते कुणालाही काढता येणार नाही. म्हणून शब्दाला शब्द लिहिते:

"मी सुमन बोलती. पयला बोअर प्रज्ञाताईच्या खुंटीवर न्हवता. खुंटी आमच्या मालकानं उपटून चाळीस फूट सरकिवली. मी डोळ्यानं बगितलं आन् गप बसले, ती माजी चूक. दुसरा तिच्या जागंवर मारला, एकशे नव्वदला पानी लागलं. त्ये पानी बाबाचं न्हाई, आमच्या मालकाचं न्हाई. त्या पोरीनं दावलेलं हाय."